ताप उलटला, की दुसराच आला?

स्लाइडवाली | १४ जुलै, रात्री १०.२०

गेल्या महिन्यात आमच्या आत्याला फ्लू झाला. ती लालबागला चाळीत राहते, वय ६७, मधुमेह आहे पण आटोक्यात. पावसाने जोर धरला त्या आठवड्यात अर्धी चाळ खोकत होती, त्यात तीही. तीन दिवस सणकून ताप, अंग ठेचल्यासारखं, कोरडा खोकला. चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी स्वतः उठून पेज करून प्यायली, गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि फोनवर मला म्हणाली, "सुटले बाई एकदाची." सहाव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून परत ताप आला.

"काय नाय गं, उलटलाय ताप," ती म्हणाली. आम्हीही तेच म्हटलं. लवकर उठली, ओल्यात गेली, आंघोळ केली. उलटलेल्या तापाची कारणं आपल्या घरात ठरलेली असतात. पॅरासिटामॉलवर दोन रात्री काढल्या. आठव्या दिवशी सकाळी तिला एक वाक्य सलग बोलता येईना. दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द, पुन्हा श्वास. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. शेजारच्यांचा ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ८८.

मी एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आत्याला तिथेच आणलं, त्यामुळे तिची थुंकी माझ्याच टेबलावर आली. डबीत विटकरी, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा बेडका होता. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जिवाणू दिसावेत म्हणून नमुना रंगवला, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरला. सगळीकडे गुलाबी पू-पेशी, आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या जोड्या. टोकाकडे निमुळते, ज्योतीच्या आकाराचे दोन-दोन जिवाणू पाठीला पाठ लावून, भोवती रिकामं वलय. न्यूमोकॉकस, न्यूमोनिया करणारा जिवाणू. मी अशा स्लाइड शेकड्यांनी पाहिल्या आहेत, पण त्या दिवशी लेन्सवरून डोळा काढवेना.

उलटलेला ताप फ्लूचा नव्हताच. पाचव्या दिवशी फ्लू खरंच ओसरला होता. सहाव्या दिवशी आला तो दुसरा आजार, पहिल्याने उघडं टाकलेल्या दारातून आत शिरलेला. मी रोज हेच काम करते आणि मलाही दोन दिवस ते सुचलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. आत्या नऊ दिवसांनी घरी आली. अजून तिसरा मजला चढताना मधल्या चौकात थांबते.

आता आत काय होतं ते, मला समजलंय तसं सांगते.

आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि वरचा चिकट थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट नि जंतूंसकट, घशाकडे ढकलत राहते. न्यूमोकॉकस नाका-घशात कितीतरी लोकांच्या असतो, लहान मुलांच्या तर फारच. त्यातले थोडे रोज खाली घरंगळतात आणि रोज वर ढकलले जातात. रस्ता दररोज झाडला जातो म्हणून स्वच्छ दिसतो, तसं. फ्लूचा विषाणू नेमका ह्या लव असलेल्या पेशींमध्ये वाढतो आणि त्या मरून गळतात. झाडणारे गेले आणि खालची जमीनही उघडी पडली. त्या उघड्या पडद्यावर जिवाणूंना पकड घ्यायला भरपूर जागा असते.

विषाणू आणखी एक गोष्ट करतो. त्याच्याकडे न्यूरामिनिडेज नावाचं कात्रीसारखं एन्झाइम आहे (एच१एन१ मधला 'एन' तो हाच). पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाला असलेलं सायलिक आम्ल ते कापून टाकतं. त्याने खालच्या, जिवाणूला चिकटायला सोयीच्या जागा मोकळ्या होतात, आणि कापलेलं सायलिक आम्ल ही न्यूमोकॉकसला आयती मिळालेली साखर. तो त्यावर वाढतो.

इथपर्यंत नुसती पडझड झाली. मला खरा धक्का पुढच्या भागाने बसला. पहारेकरी शरीर स्वतःच मागे घेतं.

वायुकोशांत भक्षक पेशी असतात, मॅक्रोफेज. खाली आलेला जिवाणू गिळणं हे त्यांचं रोजचं काम. फ्लूच्या सातव्या दिवसाच्या आसपास विषाणूला संपवायला टी-पेशी (विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) फुप्फुसात उतरतात आणि गॅमा इंटरफेरॉन नावाचा रासायनिक निरोप सोडतात. विषाणूविरुद्ध ते हवंच असतं. पण २००८ साली सन आणि मेट्झगर यांनी उंदरांत दाखवलं की त्याच इंटरफेरॉनमुळे मॅक्रोफेजवरचा मार्को नावाचा रिसेप्टर कमी होतो. मार्को म्हणजे त्यांचा जिवाणू पकडायचा हात. पेशी जागेवर आहे, हात आखडलेला. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर फ्लू झालेल्या उंदरांचे नव्वद टक्क्यांहून जास्त मूळचे मॅक्रोफेज पहिल्या आठवड्यातच नाहीसे झाले होते.

मॅक्रोफेज कमी पडले की एरवी न्यूट्रोफिलना, म्हणजे जिवाणू खाणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना, हाक जाते. विषाणूविरुद्ध सुटलेले पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन ती हाकही दाबतात. न्यूट्रोफिलना बोलावणारे रासायनिक निरोप कमी तयार होतात, जिवाणूविरुद्ध कामाला येणारी आयएल-१७ ह्या निरोपाची फळी ढिली पडते. वर, विषाणूशी झालेल्या झटापटीत फुप्फुसाचं आणखी नुकसान होऊ नये म्हणून शरीर आयएल-१० सारखे 'आता पुरे' सांगणारे निरोप सोडतं. बरं होण्यासाठी ते गरजेचंच आहे. पण नेमक्या त्याच दिवसांत घशातून जिवाणू खाली येतो आणि त्याला अडवायला पुरेसं कुणी नसतं.

म्हणजे माणसाला जेव्हा "सुटले" असं वाटतं, तेच त्याचे सगळ्यात उघडे दिवस.

---

गिरणगावकर | १४ जुलै, रात्री ११.०५

ताई, आत्याबाईंना आराम पडो. तुमचा मजकूर दोनदा वाचला.

माझी आजी १९१० च्या आसपासची. तिची आई १९१८ च्या फ्लूच्या साथीत परळला वारली. आजी त्या साथीला मानमोडी म्हणायची. तिच्या तोंडी एक वाक्य कायम असे: "आई उठून बसली होती, भाकर मागितली, आणि मग गेली." लहानपणी आम्हाला वाटायचं, म्हातारी काहीतरी जोडून सांगते. आज तुमचं वाचून अंगावर काटा आला.

मुंबईपुरतं सांगतो, कारण ह्या विषयावर मी बरीच वर्षं वाचतोय. १० जून १९१८ ला गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, तिथून इथली नोंद सुरू होते. जूनची लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात परत आली ती भयंकर. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ह्या शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. आणि मरण सगळ्यांना सारखं आलं नाही. हजारी मृत्यूचा दर युरोपीय लोकांत ८.३ होता, तेव्हाच्या सरकारी वर्गवारीत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलं त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच होता. एका खोलीत दहा माणसं, पोटात अन्न नाही, पाणी द्यायला कुणी उठू शकत नाही, ह्याने हा फरक पडला.

---

फुप्फुसवैद्य | १५ जुलै, सकाळी ७.४०

गिरणगावकर, तुमच्या आजींनी जोडून सांगितलेलं नव्हतं.

२००८ मध्ये मॉरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची यांनी १९१८ च्या ५८ मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे काप पुन्हा तपासले आणि त्या काळच्या आठ हजारांवर शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या. निष्कर्ष असा की बहुसंख्य मृत्यूंत जिवाणूंचा न्यूमोनिया होता. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस. मृत्यू बहुतेक आजाराच्या सात ते दहाव्या दिवसांच्या सुमारास. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा, त्यामुळे हाताशी काही नव्हतं. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेत ७७ मृतांचे नमुने तपासले तेव्हा २२ जणांत जिवाणू सापडले होते. म्हणजे अँटिबायोटिकच्या काळातही हे संपलेलं नाही.

क्रमाबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००२ मध्ये मॅक्युलर्स आणि रेग यांनी उंदरांना आधी फ्लू दिला आणि सात दिवसांनी न्यूमोकॉकस. दोन्हींचे डोस एरवी जीव घेणारे नव्हते, एकत्र मात्र सगळे उंदीर मेले. उलट क्रमाने, आधी न्यूमोकॉकस आणि मग फ्लू दिला, तेव्हा असं झालं नाही. जंतू तेच दोन. कोण आधी आलं ह्यावर सगळं ठरलं.

स्टॅफिलोकॉकसचा वेगळा उल्लेख करतो, कारण तो वाट बघायला वेळ देत नाही. धडधाकट तरुण, फ्लूचा चौथा-पाचवा दिवस, एकाएकी धाप, खोकल्यातून रक्त, रक्तदाब खाली. अशा वेळी तासांचा हिशोब असतो. "उद्या सकाळी बघू" म्हणू नका.

---

बोरिवली_फास्ट | १५ जुलै, सकाळी ९.१५

मग सोपा उपाय असा नाही का, की फ्लू झाला की पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करायचं? आमच्याकडे मेडिकलवाला तीन गोळ्यांची पट्टी देतोच. मी दरवर्षी घेतो, मला कधी न्यूमोनिया झालेला नाही.

---

फुप्फुसवैद्य | १५ जुलै, दुपारी १.३०

नका घेऊ. तुम्हाला न्यूमोनिया झाला नाही, कारण फ्लू झालेल्या बहुतेक धडधाकट माणसांना तो होतच नाही. श्रेय त्या पट्टीला जात नाही.

विषाणूवर त्या गोळ्यांचा काही परिणाम नाही. नाका-घशातले निरुपद्रवी जिवाणू त्यांनी मरतात, आणि त्या गोळीला दाद न देणारे मागे राहतात. आठवड्याने लव गळालेल्या नळीत उतरतील ते हेच. मग आम्ही पहिल्या पसंतीचं औषध देतो आणि ते लागू पडत नाही. माझ्या वॉर्डात हे दर पावसाळ्यात होतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण घरच्यांनी काळजीपोटीच गोळ्या दिलेल्या असतात.

पहिल्या दिवशी काही द्यायचंच असेल तर ते फ्लूवरचं औषध, ओसेलटामिविर. वय जास्त, गरोदरपण, दमा, मधुमेह, हृदयविकार असेल तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना गाठा. ते जितकं लवकर तितकं कामाचं. शिल्लक राहिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

---

दोन_लेकरांची_आई | १५ जुलै, दुपारी ३.०५

माझ्या मुलीच्या लसीच्या कार्डावर 'हिमोफिलस इन्फ्लुएंझा' लिहिलंय. म्हणजे तिला फ्लूची लस मिळाली आहे, असंच मी समजत होते. शेजारणीलाही मी तेच सांगितलंय. बरोबर ना?

---

स्लाइडवाली | १५ जुलै, सायंकाळी ६.५०

नाही, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. हा घोळ कितीतरी जणांचा होतो.

हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जिवाणू आहे. १८९२ मध्ये फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या थुंकीत तो सापडला आणि त्यांना वाटलं, फ्लू ह्यानेच होतो. तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलं. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. गंमत म्हणजे फायफर यांना हा जिवाणू दिसला, कारण तोही बहुधा फ्लूच्या मागाहून शिरणाऱ्यांपैकीच होता. १९३१ मध्ये शोप यांनी डुकरांत दाखवलं होतं की एकटा विषाणू सौम्य आजार देतो, विषाणू आणि हिमोफिलसचाच एक भाऊबंद एकत्र आले की आजार गंभीर होतो. आपण आज इथे बोलतोय ती गोष्ट तेव्हाच दिसली होती.

तर कार्डावरची ती लस हिमोफिलसच्या 'बी' प्रकारावर आहे, उपयोगाचीच आहे. फ्लूची लस वेगळी आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. शेजारणीला आजच सांगा. कार्डावर पीसीव्ही लिहिलंय का तेही बघा. ती न्यूमोकॉकसवरची. सरकारी लसीकरणात बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना फुकट मिळते.

---

सातबंगला | १५ जुलै, रात्री ९.४०

घाईत लिहितोय. बाबा ७१ वर्षांचे, सिगारेट दहा वर्षांपूर्वी सोडली. मागच्या मंगळवारी फ्लू, शनिवारी ताप गेला. आज दुपारपासून परत १०१ आहे. खोकला आता ओला झालाय. ऑक्सिजन ९५ दाखवतोय. मघाशी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. आई म्हणते उलटलाय ताप, झोपू दे. झोपू द्यावं का?

---

फुप्फुसवैद्य | १५ जुलै, रात्री ९.५२

झोपू देऊ नका. आत्ता न्या.

मिनिटभर घड्याळ लावून छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा, त्यांना सांगू नका मोजताय म्हणून. पण मोजणीसाठी निघायचं थांबवू नका. माणूस ओळखण्यात गोंधळ होणं हेच म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनियाचं लक्षण असतं, कित्येकदा तापाच्याही आधी. ९५ वर विसंबू नका. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "फ्लू बरा झाला होता, चार दिवसांनी ताप परत आलाय." नुसता 'ताप आहे' म्हणाल तर तापाच्या रांगेत बसवतील.

---

दोन_लेकरांची_आई | १५ जुलै, रात्री १०.१०

सातबंगला, काळजी घ्या. कळवा.

डॉक्टर, मुलांचे श्वास किती झाले की घाबरायचं?

---

फुप्फुसवैद्य | १५ जुलै, रात्री १०.३१

मूल शांत असताना, रडत नसताना पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे वेगवान. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा न बघता निघा. मोठ्यांत एरवी बारा ते वीस असतात, तिशी गाठली की गंभीर. आणि मुलांना फ्लूत ॲस्पिरिन कधीही नाही.

---

ओव्याचा_काढा | १६ जुलै, सकाळी ८.००

मूळ मुद्दा प्रतिकारशक्तीचा आहे. ती आधीपासून भक्कम असेल तर ना फ्लू टिकेल ना न्यूमोनिया. आमच्याकडे रोज काढा असतो, कुणी आजारी पडत नाही.

---

स्लाइडवाली | १६ जुलै, सकाळी ८.४५

काढ्याने घशाला बरं वाटतं, आत्यालाही आम्ही देतच होतो. पण प्रतिकारशक्ती म्हणजे कमी-जास्त करायचा एकच नळ नव्हे. १९१८ मध्ये २० ते ४० वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने गेली. फ्लूनंतरच्या त्या दिवसांत प्रतिकारशक्ती संपलेली नसते, ती विषाणूच्या मागे लागलेली असते. गॅमा इंटरफेरॉन जोरात आहे म्हणूनच मॅक्रोफेजचा हात आखडतो. सगळा जोर एका दाराशी आणि दुसरं दार उघडं. 'शक्ती वाढवा' ह्याने ते दार लागत नाही.

जे खरंच हातात आहे ते लस. फ्लूची लस घेतली की पहिला आजारच टळतो किंवा हलका होतो. मुंबईत फ्लू मुख्यतः पावसाळ्यात चढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात. आणि न्यूमोकॉकसची लस दुसरं दार लावते. दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २००४ मध्ये माधी आणि क्लुगमन यांनी दाखवलं की न्यूमोकॉकसची लस दिलेल्या मुलांत विषाणू सापडलेल्या न्यूमोनियाने दाखल होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. लस जिवाणूवरची, आणि कमी झाले 'विषाणूचे' म्हणून नोंदलेले न्यूमोनिया. मग त्यातल्या कितीतरी मुलांत जिवाणूही होता, आपल्याला फक्त दिसला नव्हता.

आत्याला दोन्ही लशी मी आधी द्यायला हव्या होत्या. मोठ्यांना न्यूमोकॉकसची लस बहुतेक ठिकाणी विकत घ्यावी लागते आणि स्वस्त नाही, म्हणून 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिलो.

---

सातबंगला | १६ जुलै, सकाळी ११.२०

काल रात्री साडेदहाला नेलं. रस्त्यात मोजले, मिनिटाला ३२. एक्स-रेमध्ये डावीकडे खाली पांढरं आलंय. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं, ऑक्सिजन लावलाय. सकाळी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहा मागितला. डॉक्टरसाहेब, ताई, दोघांचेही आभार मानायला शब्द नाहीत. आईला धागा वाचून दाखवला.

आता थुंकीची तपासणी सांगितली आहे. डबी दिली आणि सिस्टर घाईत निघून गेल्या. बाबा सकाळपासून नुसती लाळ काढतायत. कसं द्यायचं असतं?

---

स्लाइडवाली | १६ जुलै, सकाळी ११.३५

किती बरं वाटलं वाचून!

लाळ आली तर आम्हाला लेन्सखाली फक्त तोंडाच्या आतल्या सालीच्या पेशी दिसतात आणि नमुना परत मागवावा लागतो. बाबांना आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरायला सांगा, माउथवॉश नको. कवळी असेल तर काढा. उशी लावून सरळ बसवा. दोन दीर्घ श्वास घेऊ द्या, तिसऱ्या श्वासाला पोटातून खोकायला सांगा. बरगडी दुखत असेल तर उशी छातीशी घट्ट धरू द्या, त्याने खोकणं सोसतं. घट्ट, पिवळट किंवा विटकरी येईल ते घ्यायचं, चमचाभरही पुरे. डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, झाकण घट्ट फिरवा.

अँटिबायोटिकचा डोस गेलाय ते आणि किती वाजता गेला ते फॉर्मवर लिहायला सांगा, कारण त्यानंतर जिवाणू प्लेटवर उगवेलच असं नाही. औषध त्यासाठी थांबवलं नाही हे योग्यच केलं. आणि डबी खाटेजवळ ठेवून देऊ नका, दोन तासांच्या आत लॅबच्या खिडकीवर स्वतः नेऊन द्या. दुपारच्या पावसात वॉर्डबॉयची वाट बघत बसू नका.